राखून ठेवलेला गिअर

आमच्या गाडीच्या गिअरच्या दांड्यावर, अंगठा टेकतो तिथे, एक छोटं काळं बटण आहे. ते दाबायचं नाही, असा आमच्या घरातला नियम होता. नियम बाबांनी केलेला असल्यामुळे त्याचं कारण विचारायची पद्धत नव्हती. बटणाचं नाव ओव्हरड्राइव्ह. ते बंद असल्याचं सांगणारा एक पिवळा दिवा समोरच्या काट्यांच्या शेजारी कायम लागलेला असे. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की आई त्याला गाडीतला झीरोचा दिवा म्हणायची. संध्याकाळी घरी परतताना त्याची सोबत वाटते, असं तिचं मत होतं.

बाबांची सगळी नोकरी सरकारी भांडारात स्टोअरकीपर म्हणून झाली. त्यांच्या कारकिर्दीत रीतसर मागणी आल्याशिवाय भांडारातून टाचणीसुद्धा बाहेर गेली नाही, आणि मागणी आली तरी शक्यतो गेली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी तेच भांडार घरी सुरू केलं. आमच्याकडे सोफ्याला खोळ आहे आणि खोळ मळू नये म्हणून तिच्यावर चादर आहे. टीव्हीचा रिमोट ज्या प्लास्टिकच्या पिशवीत आला, त्याच पिशवीतून आम्ही अजून चॅनेल बदलतो. चांगले कप कपाटात असतात; पाहुण्यांना ते काचेतून दिसतात आणि चहा साध्या कपातून मिळतो. असल्या घरात ओव्हरड्राइव्ह वापरला जाईल ही अपेक्षाच चुकीची होती. बाबांच्या मते ती गाडीची राखीव ताकद होती. घरात कुणाला एकाएकी काही झालं, धावत दवाखाना गाठायची वेळ आली, तर तेव्हा ते बटण दाबायचं. सुदैवाने आम्हा सगळ्यांच्या प्रकृती उत्तम राहिल्या आणि बटण तसंच राहिलं.

गाडी ऑटोमॅटिक आहे, म्हणजे तिला क्लच नाही, गिअर ती आपले आपण बदलते. बाबांनी ती जुनीच घेतली होती, आणि घ्यायचं कारण त्यांचा डावा गुडघा. हा गुडघा वाकायला तयार नसतो. एकदा वाकला की सरळ व्हायला तयार नसतो. बसच्या पायऱ्या त्याला मंजूर नाहीत, क्लच तर मुळीच नाही. माझी गाडी नवी असली तरी क्लचची आहे. तिच्यात बाबा फक्त शेजारी बसू शकतात, आणि शेजारी बसलेले बाबा म्हणजे काय, हे मी इथे लिहीत नाही, कारण अजून मला त्यांच्याच घरात राहायचं आहे. सांगायचा मुद्दा हा, की ती जुनी गाडी होती म्हणून बाबा रोज वाचनालयात जात होते, मित्राकडे जात होते, उगाच बाजारातून चक्कर मारून काहीही न घेता परत येत होते.

आणि एके दिवशी वाहन तपासणी कार्यालयाचं फर्मान आलं. जुन्या गाड्यांनी तपासणीला हजर व्हावं, रस्त्यावर आणि चढावर चालून दाखवावं. पास झाली तर परवाना वाढेल, नापास झाली तर भंगारात.

बाबांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना ते न्हाणीघराच्या दाराशी आले आणि म्हणाले, "तुला वेळ असेल तर मला वाचनालयात सोडशील का? घाई नाही."

गाडी खाली उभी होती. चालू होती. त्यांनी विचारलं ते सवय व्हावी म्हणून. ज्या माणसाने जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, तो आता मागायचा सराव करत होता. मला फार वाईट वाटलं. इतकं, की हनुवटीला ब्लेड लागलं. तेव्हाच मी ठरवलं, की काय वाटेल ते झालं तरी ही गाडी मी पास करून आणणार. बाबांना तसं सांगितलं. ते माझ्या हनुवटीकडे बघत म्हणाले, की आधी दाढी तरी नीट कर.

गाडी तशी चालत होती, पण आरडाओरडा करत चालत होती. जरा वेग घेतला की इंजिन असा टाहो फोडायचं, की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. पेट्रोल तर विचारू नका. इमारतीतल्या सगळ्यांचं एकमत होतं, की हा आवाज ऐकून तपासणीवाले गाडी फाटकातूनच परत पाठवतील. म्हणून मी मेकॅनिकला बोलावलं.

आमचा मेकॅनिक मनाने हळवा आहे. कुठलीही गाडी बघितली की आधी तो उसासा टाकतो. त्याने चक्कर मारली, परत येऊन स्टिअरिंगवर डोकं टेकवलं, आणि विचारलं, की तुम्ही ही गाडी कायम तिसऱ्या गिअरमध्येच का चालवता. मी म्हटलं, गिअर ती स्वतः टाकते, आमचा काही संबंध नाही. त्यावर त्याने मला समजावलं, की हिला चार गिअर आहेत. चौथा म्हणजेच ओव्हरड्राइव्ह. सपाट मोकळ्या रस्त्यावर तो पडला की इंजिन निवांत होतं, आवाज कमी, पेट्रोल कमी. तो बटणाने बंद ठेवला की गाडी तिसऱ्यातच धापा टाकत पळते. तुमचा तर बंदच आहे, असं म्हणून त्याने पिवळ्या दिव्याकडे बोट दाखवलं.

"राखून ठेवलाय," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं, आणि गाडीच्या बाजूने उसासा टाकला. गिअरबॉक्सचं ऑइल काढलं तर ते काळं निघालं. ते त्याने मला अशा चेहऱ्याने दाखवलं, की मी नकळत हात जोडले. मग त्याने नवं ऑइल भरलं. हे ऑइल सुंदर लाल असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. जाताना त्याने बजावलं, की गिअरबॉक्स जुना आहे, फार छेडू नका. आता, छेडू नका, हे वाक्य आमच्या इमारतीत कुणाला सांगून उपयोग नसतो.

पण आधी बटण. ते मी दाबलं रविवारी, गाडीत सगळे असताना. बाबा माझ्या शेजारी, आई आणि बायको मागे. मोकळा रस्ता आला, इंजिनाने नेहमीचा टाहो फोडला, आणि मी बाबांना न विचारता अंगठा दाबला.

गाडी गप्प झाली.

आमच्या घरातल्या एकाही माणसाने ती गाडी वेगात असताना गप्प झालेली कधी ऐकली नव्हती. आईने मागून माझा खांदा धरला. बायकोने विचारलं, काय झालं. मीसुद्धा, सगळं माहीत असून, घाबरून गाडी कडेला घेतली आणि थांबवली. आमच्या सगळ्यांच्या मते इंजिन बंद पडलं होतं. इंजिन आपलं शांतपणे चालू होतं.

"दिवा गेला," बाबा म्हणाले. इतका वेळ ते फक्त त्या दिव्याच्या जागेकडेच बघत होते.

मी त्यांना चौथा गिअर, इंजिनाचा निवांतपणा, पेट्रोलची बचत सगळं समजावून सांगितलं. बचत म्हटल्यावर ते जरा थबकले. मग त्यांनी हात पुढे केला, बटण दाबून परत बंद केलं, आणि पिवळा दिवा लागल्याची खात्री करून मागे टेकून बसले. एकदा वापरून बघितलं, चालतंय हे कळलं, आता ठेवून दे, असं त्यांचं म्हणणं पडलं. घरापर्यंत आम्ही टाहो फोडत आलो. बऱ्याच वादावादीनंतर तडजोड झाली ती अशी: तपासणी होईपर्यंत मी बटण दाबावं, त्यांची हरकत नाही. पण ते स्वतः दाबणार नाहीत. स्टोअरमधून माल काढल्याच्या नोंदीखाली त्यांची सही असणार नाही, एवढंच.

इथे प्रवेश होतो टाकीसाहेबांचा. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. पाणीपुरवठा खात्यात अभियंता होते, गावोगावी टाक्या बांधल्या, म्हणून टाकीसाहेब. इमारतीत काहीही बिघडलं, दाराची कडी असो नाहीतर कुणाचं लग्न, साहेब पाठीमागे हात बांधून येतात आणि पातळी कितपत आहे ते विचारतात. गाडीचं गिअरऑइल बदललं हे कळताच ते सकाळी सकाळी पार्किंगमध्ये हजर झाले. वरच्या मजल्यावरच्या काकूही उतरल्या, कारण पार्किंगमध्ये गर्दी कशाची हे त्यांना गॅलरीतून नीट दिसत नव्हतं.

साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं. गाडी बंद होती. त्यांनी गिअरऑइलची पातळी मोजायची पट्टी बाहेर काढली, फडक्याने पुसली, परत घातली, काढली, उन्हाकडे धरली, आणि ज्या आवाजात पूर्वी कंत्राटदारांची बिलं नामंजूर करत असतील त्या आवाजात जाहीर केलं, की ऑइल प्रमाणाबाहेर भरलंय. वरच्या खुणेच्या कितीतरी वर. मेकॅनिकने घात केलाय. हे असं ठेवलं तर फेस होईल, दाब वाढेल, आणि पुढचं त्यांनी बाबांची प्रकृती लक्षात घेऊन सांगितलं नाही.

मी मेकॅनिकला फोन लावला. तो एका गाडीखाली होता, मला नुसता उसासा ऐकू आला. तोपर्यंत साहेबांनी कुठूनतरी नळी पैदा केली होती. काकूंनी बादली आणली. बाबा म्हणाले, बादलीत नको, धूळ जाईल. काही फुकट जाता कामा नये. म्हणून आईने सरबताची रिकामी बाटली धुऊन, पुसून, उन्हात वाळवून दिली. साहेबांनी पट्टीवरची पातळी बरोबर खुणेवर येईपर्यंत ऑइल उपसलं, आणि बाटली काठोकाठ भरली. बाबांनी तिला बूच लावलं आणि स्वयंपाकघरात फळीवर नेऊन ठेवली. असं लाल, स्वच्छ, नवं ऑइल पुढेमागे उपयोगी पडेल, असा त्यांना विश्वास होता. इतकं खूश मी त्यांना त्या आठवड्यात प्रथमच बघितलं.

त्यानंतर गाडी चालेनाशी झाली. म्हणजे चालायची, पण मनात आलं तर. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन जोरात फिरायचं आणि गाडी जागच्या जागी विचार करत उभी राहायची. मग एकदम धक्का देऊन पुढे. चौकात सिग्नल हिरवा झाला, मी पाय दाबला, इंजिन किंचाळलं, आणि मी हललोच नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले. मी काच खाली करून त्यांना सांगणार होतो, की गिअर तीच टाकते, माझा संबंध नाही, पण तेवढ्यात तिने टाकला. भर म्हणून तो पिवळा दिवा आता लुकलुकायला लागला. आईला ते फार आवडलं. मला मेकॅनिकने फोनवर सांगितलं, की दिवा लुकलुकतो म्हणजे गाडी आजार सांगते आहे, आणि हे ऐकून त्याला खूप वाईट वाटलं आहे, पण तो आठवडाभर परगावी आहे.

तपासणी तोंडावर आली होती. बाबांनी त्या संध्याकाळी गाडीची किल्ली खिशातून काढली आणि किल्ल्यांच्या खिळ्याला अडकवली. एरवी ती त्यांच्या शर्टाच्या खिशात असते, झोपतानाही. मी ती किल्ली खिळ्यावर बघितली. कुणाशी बोलावंसं वाटेना. मी नापास झालो होतो, गाडीच्या आधी.

सरबताचं प्रकरण दुसऱ्या दिवशीचं. टाकीसाहेब गाडीची चौकशी करायला आले. ऊन होतं, म्हणून माझ्या बायकोने त्यांना सरबत देते म्हणून सांगितलं. फळीवर बाटली होतीच. तिने पेल्यात ओतायला घेतलं आणि ते जरा सावकाश ओततंय म्हणून तिला शंका आली. तिने वास घेतला. मग पेला आणि बाटली दोन्ही घेऊन ती बाहेर आली आणि साहेबांसमोर ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही एवढं काढलंत. एवढं काढायच्या आधी गाडी चालत होती. मग हे परत आत का घालू नये?"

हा सरळ प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. मला पडला नाही, कारण मी दुःखात होतो. बाबांना पडला नाही, कारण स्टोअरमध्ये जमा झालेला माल परत बाहेर जाणं त्यांच्या डोक्यात बसत नाही. साहेब मात्र दुखावले. पट्टी खोटं बोलत नाही, म्हणाले. चला, आत्ता दाखवतो. निघाली वरात खाली. मी आधी गाडी चालू केली, कारण मला तिचा लुकलुकता दिवा साहेबांना दाखवायचा होता, आणि साहेबांनी रागाच्या भरात इंजिन चालू असतानाच पट्टी उपसली.

पट्टी जवळजवळ कोरडी होती.

साहेबांनी ती पुसली, परत घातली, काढली. कोरडीच. ते बराच वेळ पट्टीकडे बघत राहिले. मग मला इंजिन बंद करायला लावलं, थोडं थांबले, परत पट्टी काढली. आता पातळी बरोबर खुणेवर. साहेबांनी पट्टी हळूच जागेवर ठेवली. त्यांचा चेहरा उजळला, आणि एवढा मोठा माणूस असा आनंदी होताना बघून मला त्यांचा रागच येईना.

"पंप," ते म्हणाले. "पंप चालू असला की पाणी सगळं नळांत असतं, खालच्या टाकीची पातळी उतरते. पंप बंद केला की नळांतलं टाकीत परत येतं. आपण पंप बंद ठेवून टाकी मोजली. मी मोजली."

म्हणजे गाडी चालू ठेवून, तापल्यावर मोजायचं होतं, आणि मेकॅनिकने भरलं होतं ते बरोबर होतं. ही चूक आपली आहे, असं साहेबांनी काकूंसमोर मोठ्याने मान्य केलं, पण अशा ऐटीत, की ऐकणाऱ्याला तो शोधच वाटावा. पेल्यातलं आणि बाटलीतलं ऑइल फनेलने परत आत गेलं. ओतणारे साहेब, पट्टी बघणारी माझी बायको, आणि इंजिन चालू ठेवून आत बसलेला मी. बाबा बाजूला उभे राहून माल बाहेर जाताना बघत होते. शेवटचा थेंब पडल्यावर त्यांनी बाटली उलटी करून झटकली, बूच लावलं, आणि रिकामी बाटली वर नेली. दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि दुसऱ्यांदा गाडी चालू केल्यावर शहाण्यासारखा विझला. किल्ली मात्र परत खिळ्यावरच गेली. पास होईपर्यंत तिथेच, असं बाबा म्हणाले.

आता राहिला चढ. इमारतीच्या मागच्या चढावर मी सराव केला तेव्हा एक नवीनच तऱ्हा कळली. ओव्हरड्राइव्ह चालू ठेवून चढ घेतला की गाडी गोंधळते. चौथा टाकते, दम लागतो, तिसरा टाकते, जरा बरं वाटतं, लगेच चौथा टाकते. दर दहा पावलांवर धक्का. काकू गॅलरीतून म्हणाल्या, की तिला उचकी लागलीय, पाणी द्या. खरं तर उपाय साधा होता: चढावर बटण बंद, सपाटीला चालू. हा शोध माझा, दुसऱ्या कुणाचाही नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. टाकीसाहेब हल्ली तो स्वतःच्या नावावर सांगतात.

तपासणीच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, काठी घेऊन माझ्याबरोबर निघाले. गाडी त्यांच्या नावावर, हजर राहणं त्यांचा हक्क. कार्यालयात खिडकीपाशी कारकून होता, आणि तो पहिल्याच पायरीला अडला. त्याने विचारलं, क्लच कसा आहे. मी म्हटलं, नाही. त्याने विचारलं, काढून टाकलाय का. मी म्हटलं, मुळातच नाही. त्याने पेन ठेवलं. क्लचशिवाय गाडी तपासता येत नाही, कारण फॉर्मवर क्लचची जागा रिकामी सोडता येत नाही. मी ऑटोमॅटिक म्हणजे काय यावर एक छोटं व्याख्यान दिलं. ते त्याने सहानुभूतीने ऐकलं आणि म्हणाला, की सगळं खरं, पण क्लच कसा आहे.

शेवटी बाबा पुढे झाले. सरकारी माणसाची भाषा सरकारी माणसाला कळते. "त्याच्याबद्दल आमची काही तक्रार नाही," बाबा म्हणाले. कारकुनाचा जीव भांड्यात पडला. त्याने 'क्लच समाधानकारक' असं लिहिलं आणि आम्हाला मागच्या आवारात पाठवलं.

तिथे तपासणी अधिकारी उभे होते. तरुण, कडक, कुणाचंच काही न ऐकणारे. त्यांच्याकडे कार्यालयाचा ड्रायव्हर होता, आणि गाडी त्यानेच चालवायची असा नियम होता. तो बसला, शेजारी अधिकारी, मागे मी आणि बाबा. ड्रायव्हरने जन्मभर क्लचच्या गाड्या चालवलेल्या. गाडी सुटली, त्याला गिअर बदलावासा वाटला, म्हणून त्याने सवयीने डावा पाय दाणकन आपटला. क्लच असता तर क्लचवर पडला असता. तो ब्रेकवर पडला. अधिकारी समोरच्या काचेपर्यंत जाऊन परत आले. ड्रायव्हरने माफी मागितली, गाडी सुरू केली आणि परत गिअर बदलला. दुसऱ्या वेळी अधिकाऱ्यांची टोपी खिडकीतून बाहेर पडली. ती उचलून, झटकून, ते मला म्हणाले, की तुम्हीच चालवा.

ड्रायव्हर उतरला, मी त्याच्या जागी बसलो. आवार ओलांडलं, फाटकाबाहेर आलो, कार्यालयामागचा चढ समोर उभा राहिला, आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. बटण चालूच राहिलं. अर्ध्या चढावर गाडीला उचकी लागली. चौथा, तिसरा, चौथा, तिसरा. मी घाबरून पाय सोडला, मग जोरात दाबला, त्याने आणखीच धक्के बसले. शेवटी मी गाडी कडेला थांबवली. अधिकाऱ्यांनी खिशातून पेन काढलं.

"गिअरबॉक्स गेलाय," ते म्हणाले.

बटण, चढ, सपाटी, सगळं एकात एक मिसळलं. एवढी धडपड केली आणि शेवटी बाबांचे पाय मीच काढून घेतले, एवढंच मला कळत होतं.

मागून बाबांचा आवाज आला. अगदी शांत. "साहेब, गिअरबॉक्स ठीक आहे. चालवणारा बदलून बघा."

अधिकाऱ्यांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. त्यांची काठी, त्यांचा न वाकणारा पाय. मला वाटलं, आता हे नियम सांगणार. पण टोपी पडलेल्या माणसाला नियमांचा बहुधा कंटाळा आला असावा. गाडी कुणाच्या नावावर आहे, एवढंच त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, माझ्या. मग बसा, म्हणाले.

बाबा उतरले, सावकाश वळसा घालून आले. आधी दुखरा पाय आत ठेवला, मग स्वतः. आरसा स्वतःपुरता केला. मग अंगठ्याने बटण दाबून ओव्हरड्राइव्ह बंद केला. बंद करण्याचा त्यांना आयुष्यभराचा सराव होता. पिवळा दिवा लागला. आणि जिथे मी अडकलो होतो तिथून, उभ्या चढावरून, गाडी एका दमात वर निघाली. ना धक्का, ना उचकी. डावा पाय आरामात पसरलेला, उजवा हलकेच काम करत असलेला. मी मागे बसून त्यांच्या मानेकडे बघत होतो. ती मान ताठ होती.

चढ संपला. पुढे लांबलचक, सरळ, मोकळा रस्ता. बाबांनी वेग वाढवला आणि इंजिनाने जुना टाहो फोडला. अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली, पेन पुन्हा वर आलं. बाबांचा अंगठा बटणावर गेला आणि तिथेच थांबला.

"बाबा, दाबा," मी म्हटलं.

"कुणाला काही झालेलं नाही," ते म्हणाले.

"आता मला होईल."

मग त्यांनी अंगठा दाबला.

दिवा विझला, टाहो थांबला, आणि गाडी त्या रस्त्यावर अशी पळायला लागली, की बाहेरचा वारा ऐकू येऊ लागला. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मी असं काही बघितलं नव्हतं. हे सगळं आपलंच होतं आणि आपल्याला ठाऊक नव्हतं, असं काहीतरी. अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं, आणि सीट थोडी मागे करून घेतली. वळायची जागा आली तेव्हा बाबांनी वेग कमी केला. अधिकारी म्हणाले, की पुढच्या पुलापर्यंत जाऊन यायला हरकत नाही, तपासणी पूर्ण व्हायला हवी.

गाडी पास झाली. आवारात येताच अधिकाऱ्यांनी बाबांशी हात मिळवला, माझ्याशी नाही, आणि मला शिक्का घ्यायला खिडकीकडे पिटाळलं. शिक्का मारणारा जेवायला गेला होता. मग शाई वाळली होती. मग क्लच समाधानकारक असलेल्या गाडीत क्लच नाही, हे दुसऱ्या एका कारकुनाच्या लक्षात आलं, आणि त्याला समजावण्यात आणखी वेळ गेला. शेवटी शिक्क्याचा कागद हातात घेऊन, तो उन्हात फडकवतच, मी धावत आवारात आलो.

गाडी नव्हती. बाबाही नव्हते.

फाटकावरचा पहारेकरी माझीच वाट बघत होता. म्हणाला, आजोबा तर केव्हाच गेले. हायवेच्या बाजूला गेले. मी विचारलं, एकटे? तो म्हणाला, एकटेच, काच खाली करून. आणि तुमच्यासाठी निरोप ठेवलाय.

"काय?"

"म्हणाले, बस समोरून मिळते."

मी रस्ता ओलांडला आणि रांगेत उभा राहिलो. ऊन होतं, बस भरून येत होती आणि न थांबता जात होती. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी बसची वाट बघितली नव्हती.